गायरानावरचे चौकोन

पुण्याहून सकाळी सहाच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर नकाशाची लांबलचक गुंडाळी होती. शेजारी पाचोडच्या एक बाई होत्या, लेकीचं बाळंतपण उरकून परत निघालेल्या.

"कॅलेंडर हाय का?" त्यांनी विचारलं.

"नकाशा आहे. तुमच्याच भागाचा."

"बघू की."

चालत्या एसटीत नकाशा उलगडायचा म्हणजे पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीवर तो पसरणार. तसा तो पसरला. बाईंनी स्वतःचं घर शोधलं. घर दिसत नाही, कुठल्या जमिनीवर काय आहे एवढंच दिसतं, असं मी सांगितलं. हिरवं म्हणजे झाडं, पिवळं म्हणजे गवत, तांबूस म्हणजे शेती. बाईंनी मान डोलावली. "रंग मातर ग्वाड दिलेत," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या नकाशाचं इतकं मोकळं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं.

मी मूळची दापोलीकडची. नोकरी पुण्यात, नकाशे करण्याची. उपग्रहाने काढलेली चित्रं घ्यायची, कुठे झाडोरा, कुठे गवत, कुठे शेती, कुठे पाणी हे संगणकाकडून रंगवून घ्यायचं, आणि त्यावर कोणता पक्षी, कोणता प्राणी कुठे दिसला त्याच्या नोंदी मांडायच्या. मग त्या दोन्हींवरून ठरवायचं की रानातल्या जिवांसाठी या भागातली कोणती जमीन राखायला हवी. जिथे गवत आणि गवतावरचे पक्षी, ती जमीन यादीत. जिथे शेती, ती यादीबाहेर, कारण कुणाच्या शेतावर राखीव म्हणून शिक्का कोण मारणार? मसुदा गेल्या उन्हाळ्यात सगळ्या संबंधितांना पाठवून झाला होता. पक्का नकाशा आता दहा दिवसांत द्यायचा होता, आणि तो एकदा दिला की पुढची कित्येक वर्षं त्याला कुणी हात लावणार नव्हतं.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करायची असते ती खरं तर मसुद्याच्या आधी. पण तेव्हा ऊन होतं, माझा गुडघा दुखत होता आणि खुर्चीवर बसून सगळं काही दिसत होतं. हे आत्ताच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

छत्रपती संभाजीनगरला उतरले तर गाडी घेऊन सलीमभाई उभे. पन्नाशीचे, मेंदीने रंगवलेली दाढी, आणि प्रत्येक गोष्टीवर ठाम मत. त्यांनी सामान टाकलं आणि न विचारता मला एका अरुंद गल्लीतल्या खानावळीत नेलं. हळदीच्या रंगाची मऊ नान आणि खलिया (मटणाचा पातळ, तिखट रस्सा). मी मासेखाऊ बाई. मटणाशी माझं सख्य बेताचंच. पण पहिली नान संपली, दुसरी मागवली, आणि तिसरीकडे मी पाहत असताना सलीमभाई म्हणाले, "खाओ मॅडम, शरमाते कायकू? जंगल कहीं भाग के नहीं जाता."

"जंगल बघायला नाही आले. माळ बघायला आले."

"माळ?" त्यांनी हात धुता धुता माझ्याकडे पाहिलं. "उसमें क्या देखने का? खाली तो है."

खरं सांगायचं तर मलाही पूर्वी तसंच वाटायचं. कोकणात वाढलेल्या माणसाच्या लेखी हिरवं म्हणजे झाड, आणि झाड नसेल ती जागा कुणीतरी तोडलेली. गवताळ माळ ही आपल्या पायावर उभी असलेली वस्ती आहे, तिथले पक्षी झाडावर बसत नाहीत, त्यांना सावली नको असते, हे मला नोकरीने शिकवलं. शिकवलं म्हणजे वाचायला लावलं. शिकायचं अजून बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला गेलो, कन्नड तालुक्यात, पिशोरच्या बाजूच्या डोंगरांत. तो दिवस माझा होता. नकाशात झाडोरा म्हटलं तिथे झाडोरा, मका म्हटलं तिथे मक्याची धांडं, पाणी म्हटलं तिथे पाणी. एका ओढ्याकाठी मी बोट दाखवून "आता वळणावर पळसाची झाडं लागतील" म्हटलं, आणि लागली. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. पिशोरच्या बाजारातून घेतलेले गरम फुटाणे खात आम्ही परतलो आणि मी सबंध वाटभर त्यांना उपग्रह कसा चालतो हे समजावून सांगितलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. मला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं नव्हतं, मी आपली आपणच चढले होते.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला. पैठणच्या रस्त्याने बिडकीनला पोचलो. तिथे काळ्या रानातून चौपदरी रस्ते गेले आहेत, दुतर्फा दिव्यांचे खांब, आणि त्या रस्त्यावर सकाळी आठ वाजता एक म्हातारा दोन म्हशी घेऊन ऐटीत मधोमध चालला होता. एका कारखान्याच्या फाटकाशी, आम्हाला त्यांचं गाव दाखवायला येणारे गणेशराव भेटले. घरची मोसंबीची बाग, शिवाय कारखान्यात पाळीची नोकरी, शिवाय ग्रामपंचायतीचे सदस्य. रात्रपाळी संपवून आमच्याबरोबर निघाले आणि गाडीत बसल्या बसल्या झोपले. पाचोडच्या अलीकडे जाग आली तेव्हा म्हणाले, "म्या जागाच व्हतो."

त्यांच्या गावाचं नाव मी इथे देत नाही. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची जागा छापायची नाही असा आमच्या धंद्यात रिवाज आहे, आणि तो चांगला आहे. पाचोडच्या पलीकडचं एक गाव, एवढं पुरे.

गावाबाहेर गायरान (गुरं चारायला राखलेली गावाची सामाईक जमीन). गाडी बांधावर थांबवून मी खाली उतरले आणि खरंच थबकले. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गवत पिकलं होतं. वारा आला की सगळा माळ एका अंगावर वळायचा, पुन्हा सरळ व्हायचा. वर आभाळ इतकं मोठं की मला उगाच आवाज खाली करावासा वाटला. चंडोल पक्षी वर वर चढत गात होता आणि खाली पडल्यासारखा उतरत होता. सलीमभाईसुद्धा गाडीबाहेर आले. "अच्छा है," ते जरा नाइलाजानेच म्हणाले.

या गायरानावर आधीच्या दोन हिवाळ्यांत धाविक दिसल्याच्या नोंदी होत्या. धाविक म्हणजे वाळूच्या रंगाचा, लांब पायांचा पक्षी. चार पावलं पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. त्याला उघडी, बसकी जमीन लागते. नोंदींमुळे जागा यादीत यायला हवी होती. पण माझ्या नकाशात गायरानाच्या मधोमध, ओढ्याच्या कडेने, तांबूस चौकोनांची एक रांग होती. दहा-बारा चौकोन, एकाला एक लागून. पिवळं गवत सुकून गेल्यावरही हे तुकडे हिरवे दिसत होते, कडा सरळ होत्या, आणि संगणकाने त्यांना शेती म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. गायरानावर कुणीतरी नांगर घातलाय, असा माझा शेरा होता. म्हणून हे गायरान मसुद्यात यादीबाहेर गेलं होतं.

पहिल्या चौकोनाची जागा मोबाइलवर लावून मी चालू लागले. तिथे पोचले. शेत नव्हतं.

कमरेएवढं, दाट, अजून हिरवट गवत होतं. तास नाही, बांध नाही, धसकट नाही. मला वाटलं, यंत्र चुकलं. दुसऱ्या चौकोनावर गेले. तिथेही गवत. तिसऱ्यावर गवत. चौथ्यावर जाताना मी जवळजवळ पळत होते, आणि कुसळी गवताची टोकदार बिया मोज्यांतून, सलवारीतून थेट कातड्यात घुसत होत्या. शेवटी मी एका दगडावर बसले आणि पायातली कुसळं उपटू लागले. काय उपटत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते काही कुसळांचं नव्हतं.

"गणेशराव, इथे शेती कधी होती?"

"कवाच नाय."

"कुणी अतिक्रमण केलं होतं?"

गणेशराव अवघडले. मग म्हणाले, "कागूद तसाच आलता बगा. पावसाळ्याच्या तोंडाला. एका हाफिसातनं. गायरानावर वहिती दिसतीय, खुलासा करा म्हून. नकाशा जोडलेला. समदं गाव जमलं. कुणी नांगारलं, कुणी नांगारलं. हिकडं फिरकतंय कोण? गयाबाईचा वाडा. मंग तिच्याच नावानं बोंब झाली."

"पण तुम्ही येऊन पाहिलं नाही?"

"पाह्यलं ना! चौघं आलो. वावर काय दिसलंच नाय."

"मग?"

"मग काय, म्याडम." ते मनापासून म्हणाले. "वरून फोटू काढलाय म्हणल्यावर खोटं कसं असंल? आमाला वाटलं, आमीच नीट बगितलं नसंल."

चार शेतकरी माणसं. जन्म मातीत गेलेला. पायाखाली गवत आहे हे त्यांना दिसत होतं, आणि शेकडो मैलांवरून काढलेल्या चित्रावर विश्वास ठेवून ती घरी गेली होती. चित्रावर नव्हे, माझ्यावर. आयुष्यात इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. माझ्या तर हातात कुसळांची मूठ होती.

"गयाबाई कोण?"

"मेंढरावाली. चला, जवळच हाय. माज्याच वावरात बसलीया."

बाजरी काढलेल्या रानात वाडा बसला होता. वाडा म्हणजे इकडे मेंढ्यांचा कळप आणि त्याच्यासोबत हिंडणारा सगळा संसार: घोडी, कोंबड्या, कुत्री, चूल, पाळणा. मेंढ्या रानात बसल्या की लेंडीचं खत होतं, म्हणून शेतकरी बोलावून घेतात. गयाबाई साठीच्या पुढच्या, काटक, कपाळभर कुंकू. त्यांचा मुलगा मेंढ्या घेऊन चरायला गेला होता. त्यांनी माझ्या हातातली गुंडाळी पाहिली आणि चेहरा बंद केला.

"मोजणीवाल्या का?"

"नाही हो. पाखरांची नोंद करायला आले."

"पाखरांना कागूद कशाला लागतो?" त्या म्हणाल्या. पण बसायला घोंगडी टाकली. चहा आला, शेळीच्या दुधाचा, दाट आणि खारटसर. मग वाडग्यात गरम माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि बाजरीची भाकरी. सलीमभाईंनी दोनदा माडगं मागून घेतलं. गयाबाई त्यांच्यावर खूश झाल्या. माझ्यावर अजून नव्हत्या.

मी मोबाइलवर गायरानाचं चित्र काढून त्यांच्यापुढे धरलं. हा ओढा, हे बाभळीचं बेट, हा बांध. मला वाटलं समजवावं लागेल. गयाबाईंनी मोबाइल हातात घेतला, उन्हाकडे पाठ केली, क्षणभर पाहिलं आणि चौकोनांवर बोट ठेवलं.

"ह्या माज्या वाघरी."

वाघूर म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायची दोरीची जाळी. खुंट्या ठोकून चौफेर लावतात.

"पावसाळ्यात समद्या वावरात पिकं," त्या सांगू लागल्या. "मंग मेंढरं कुठं न्यावीत? गायरानावर बसतो, चार महिनं. पर एका जागी बसवलं तर चिखूल व्हतो, खुरं नासतात. म्हून धा रातीला वाघूर उचलायची, शेजारी लावायची. परत उचलायची, परत शेजारी. असं ओढ्याच्या कडंनं जायचं. जिथं लेंडी पडली तिथं म्होरल्या साली गवत बग कसं येतंया! समदं वाळतंय, ते वाळत नाय."

सरळ कडा, एकाला एक लागून तुकडे, सुकत्या माळात उशिरापर्यंत टिकलेली हिरवळ. माझ्या प्रत्येक पुराव्याचं उत्तर त्या बाईने माडगं ढवळता ढवळता दिलं होतं.

"ह्यो गुदस्ताचा नाय," त्यांचं बोट सरकलं. "ह्यो त्येच्या आदल्या सालचा. हितं माजी म्हातारी शेळी मेली. आन् ह्यो शेवटचा, हितनं आमी दसऱ्याला उठलो."

मी आधीच्या वर्षांची चित्रं एकेक करून काढली. त्या जे म्हणाल्या तेच निघालं. ज्या साली वाघूर लागली त्या साली तिथे उघडी, पांढुरकी जमीन दिसत होती. पुढच्या साली तीच जागा हिरवीगार. दर वर्षी नवी पांढुरकी रांग, दर वर्षी मागची हिरवी. आणि धाविकाच्या नोंदी? मी त्या चित्रावर मांडल्या. सगळ्या नव्या पांढुरक्या रांगेवर. एकही बाहेर नाही.

"गयाबाई, लांब पायांचं, मातीच्या रंगाचं पाखरू, पळत पळत किडे टिपतं..."

"ती व्हय? वाघूर उचलली की दुसऱ्या दिशी हजर. मेंढरानं मोकळी केल्याली जागा लागती त्यास्नी. दाट गवतात पाय गुतत्यात त्यांचं."

म्हणजे मी ज्या चौकोनांसाठी गायरान यादीतून काढलं, त्या चौकोनांमुळेच ते यादीत यायला हवं होतं.

"यंदाची रांग कुठेय?" मी विचारलं. चित्रात यंदाची उघडी जागा दिसत नव्हती.

गयाबाईंनी गणेशरावांकडे पाहिलं. गणेशरावांनी जमिनीकडे.

"अवंदा नाय बसलो," त्या म्हणाल्या. "नांगारलं म्हून गाव बोलाया लागलं. माज्याकडं नांगर तरी हाय का? पर भांडण कशाला? डोंगराच्या अंगाला गेलो. तिथं समदा दगुड आन् पाणी. मेंढरांची खुरं कुजली. सात कोकरं गेली."

सात, असं त्यांनी बोटांवर न मोजता सांगितलं.

आता बोलायलाच हवं होतं. मला वेगळं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण सुचलं नाही. "गयाबाई, तो नकाशा मी काढला होता. त्यात शेती म्हणून मीच लिहिलं. इथे न येता लिहिलं."

कुत्रं येऊन माझे मोजे हुंगून गेलं. गणेशराव माझ्याकडे वळून पाहत राहिले. सलीमभाईंनी हळूच "या अल्ला" म्हटलं. गयाबाईंनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"तू काढला?"

"हो."

"मंग तूच खोड की."

एवढंच. शिव्या घातल्या असत्या तरी मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. त्यांच्या लेखी गोष्ट सरळ होती: ज्याने रेघ मारली त्याने पुसावी.

मी तिथूनच ऑफिसात फोन लावला. आमचे मुख्य गृहस्थ कमी बोलतात. मी सगळं सांगितलं, गुडघ्याचं सोडून. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पक्का नकाशा अजून छपाईला दिलेला नाही," ते शेवटी म्हणाले. "नोंदी घेऊन या. ज्या कार्यालयाला मसुदा गेला तिथे मी आजच पत्र पाठवतो. आणि बाकीचे असे चौकोन किती आहेत ते पाहा."

मी फोन ठेवला आणि मोठ्याने हुश्श केलं. ते इतकं मोठ्याने झालं की मेंढीची दोन कोकरं दचकून उठली आणि गयाबाई पहिल्यांदा हसल्या.

"खोडशील?"

"खोडते. पुढच्या पावसाळ्यात बसाल ना गायरानावर?"

"आधी कागूद दे. बोललेलं वाऱ्यावर जातंया."

मग घोंगडीवर मांडी घालून मी ग्रामपंचायतीच्या नावे पत्र लिहिलं. नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूचा तुकडा फाडून. गायरानावर वहिती नाही. दिसतात ते मेंढ्या बसवल्याच्या जागा आहेत. चूक नकाशा करणारीची आहे, वाड्याची नाही. खाली सही. गणेशरावांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि मग स्वतःहून म्हणाले, "मावशे, गावात म्या वाचतो हे. चावडीवर. समद्यांम्होरं." गयाबाईंनी पत्राची बारीक घडी केली, कमरेच्या पिशवीत सुपारीशेजारी ठेवली आणि पिशवीचं तोंड घट्ट ओढलं.

निघताना बाजरीच्या रानाच्या टोकाला, कालपर्यंत वाघूर होती त्या उघड्या जागेवर, सलीमभाई एकदम थांबले. "मॅडम. वो क्या है?"

मातीच्या ढेकळासारखं काहीतरी चार पावलं पळालं. थांबलं. वाकलं. पुन्हा पळालं. मग दुसरं. धाविकांची जोडी. गायरान सुटलं तरी पाखरं वाड्यामागे आली होती. मी दुर्बीण सलीमभाईंच्या हाती दिली आणि त्यांनी ती बराच वेळ परत केली नाही. "खाली नहीं है," ते डोळे न काढता म्हणाले. "हौ. खाली नहीं है."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून सबंध वाट मोज्यांतली कुसळं काढत होते. नेवाशापर्यंत एक मोजा, नगरपर्यंत दुसरा. शेजारच्या गृहस्थांनी नाक मुरडलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगते, मन हलकं होतं. चूक झाली होती, सात कोकरं परत येणार नव्हती, तेही डोक्यात होतं. पण खोडायला जागा शिल्लक होती. नकाशा छापून बांधून झाला असता, तो हातोहात फिरला असता, आणि मी कुठल्यातरी सभेत तोच लेसरच्या लाल ठिपक्याने अभिमानाने दाखवत बसले असते, या विचारानेच मला बसमध्ये घाम फुटत होता. तो फुटायचा आणि मग मी पुन्हा हुश्श करायची.

ऑफिसात येऊन चौकोन खोडले. रंगांच्या यादीत एक नवा रंग घातला आणि त्यापुढे लिहिलं, "वाड्याची जागा." आमच्यातल्या एकाने विचारलं, याला शास्त्रीय नाव काय? मी म्हटलं, हेच. शोधायला लागलो तसे असे चौकोन आणखी गावांच्या गायरानांवरही सापडले. त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन आलं आणि मगच रंग भरला. गायरान यादीत आलं. त्या कार्यालयानेही खुलासा मागितलेलं पत्र मागे घेतलं. गणेशरावांनी माझं पत्र चावडीवर वाचलं आणि तीन जणांनी ते पुन्हा वाचायला लावलं, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

पुढचा पावसाळा आला. आषाढ-श्रावणात उपग्रहाला ढगांशिवाय काही दिसत नाही. मी रोज सकाळी चहाच्या आधी चित्र उघडायची आणि ढग पाहून मिटायची. भाद्रपदात एक दिवस उघडीप मिळाली. गायरान हिरवंगार होतं, आणि ओढ्याच्या कडेला, बाभळीच्या बेटापासून जरा पुढे, एक लहानसा पांढुरका चौकोन होता. त्याला लागून दुसरा.

मी गणेशरावांना फोन लावला. "गयाबाई बसल्या का हो गायरानावर?"

"कुणी सांगितलं?"

"वरून दिसतंय."

"दिसतंय व्हय?" ते म्हणाले. "थांबा. म्या सोता जाऊन बगून येतो."

मी थांबले. अर्ध्या तासाने फोन वाजला. पलीकडे वारा, कोकरांचं बेंबें, आणि गयाबाईंचा आवाज.

"खोडलंस का गं समदं?"

"खोडलं, गयाबाई."

"बरं केलंस. आता ह्यो नवा मातर खोडू नकू."